दौलत मास्तरांचा किलट

दौलत मास्तरांविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटायचं, हा मास्तरांचा चेला दिसतो. चेला वगैरे काही नव्हतो. भर सभेत मी त्यांना ‘मालकाचा माणूस’ म्हटलं आहे आणि त्यांनी मला ‘छाती बत्तीस, जबान बहात्तर’ म्हटलं आहे. दोन्ही गोष्टी पुऱ्यातल्या पन्नास माणसांनी ऐकल्या, आणि त्यातली निम्मी माणसं मला अजून ‘बत्तीस’ म्हणूनच हाक मारतात.

आमचा पुरा वणीच्या बाजूला, कापसाच्या जिनाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला. छप्पन साली पुऱ्यातली झाडून सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव नदीत सोडले, पुऱ्याचं नाव बदललं, पोरांची नावं बदलली. गावाची जीभ मात्र बदलली नाही. गाव जुन्याच नावानं हाक मारत राहिलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. यवतमाळच्या एका छापखान्यातून पत्रकं छापून आणायचो, वाटायचो आणि ज्याला त्याला हक्क शिकवायचो. मला कोणी नेमलं नव्हतं. पण कोणीतरी ते करायला पाहिजेच होतं.

जिनाच्या फाटकासमोर निंबाच्या झाडाखाली फळ्यांची एक खोली होती. तिच्यात हातानं फिरवायची शिलाई मशीन, आणि मशीनमागं दौलत मास्तर. बसलेले असले तर कोणत्याही गावातला कोणताही टेलर. उभे राहिले की रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबायची. कमरेपासून गुडघ्यापर्यंत खाकी कापडाचा चुण्याचुण्यांचा घेर. कमरेला पितळी बक्कल. पायात जाड लोकरी मोजे, पोटरीवर दुमडलेले, आणि उजव्या मोज्यात खोवलेली एक छोटी कैची. मे महिन्यातसुद्धा मोजे. आमच्याकडचा मे ज्यानं काढला आहे त्याला यापुढं वेगळं सांगायला नको.

इंग्रजांच्या राज्यात मास्तर छावणीत दर्जी होते. तिथं स्कॉटलंडची एक पलटण होती. तिचे सोजीर परेडला हा चुण्यांचा घागरा घालत. त्याला ते किल्ट म्हणत, मास्तर किलट म्हणत. मास्तरांनी असे किती किलट उसवले, शिवले, इस्त्री केले त्याला हिशेब नाही. ‘गोरा त्या मोज्यात चाकू ठेवे,’ ते सांगत. ‘मले चाकूचं काय काम? मी कैची ठेवतो.’

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. ‘तो अडतीस कमरेचा आला होता,’ असं ते म्हणत, आणि त्यांच्या मुलीला, कौसाला, बरोबर कळे की कोण. गिऱ्हाईक समोर आलं की ते त्याच्या तोंडाकडं पाहायच्या आधी खांद्याकडं पाहत. एकदा पोलीस जमादार दमदाटी करायला आला, तेव्हा त्याचं सगळं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘साहेब, डावा खांदा अर्धा इंच उतरला आहे तुमचा. बंदूक उजव्यावर घेत जा.’ जमादार खांदा चाचपत गेला.

इतपत सगळी गंमतच होती. कोणी नाटकात काम करावं तसं ते स्वतःपुरतं चाललं होतं. पण दीक्षेनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात जिनातल्या अपघातात पुऱ्यातला श्रावण नावाचा पोरगा गेला, आणि तिथून गंमत संपली.

जिनात काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोक्यावर लोखंडी शाफ्ट फिरत असतो. त्यावरून पट्टे खाली येतात आणि सरकी वेगळी करणारे रेचे फिरवतात. शाफ्ट एकदा सुरू झाला की शेवटची पाळी संपेपर्यंत थांबवत नाहीत, कारण तो थांबला की सगळे रेचे थांबतात. पण त्याला तेल तर घालावं लागतं. मग एक माणूस शिडी लावून, फिरत्या शाफ्टाच्या बाजूला चढून, बुधलीनं तेल घालतो. ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडं असेल हे सांगायला पाहिजे का? आमच्या पुऱ्याकडं. पट्ट्याला जाळी लावा, ही मागणी आमची तेव्हापासूनची आहे. जाळी लावायला मालकाला कधी सवड झाली नाही.

श्रावण तेल घालायला चढला आणि त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. मुकादम धावत मास्तरांकडं आला. ‘मास्तर, मोठी कैची घेऊन चाला लवकर.’ मास्तर गेले. थांबवलेल्या शाफ्टाभोवती गुंडाळलेलं धोतर त्यांनी वीत-वीत कापून काढलं तेव्हा कुठं श्रावण खाली उतरवता आला. यवतमाळच्या दवाखान्यात तो तिसऱ्या दिवशी संपला.

ते कापलेलं धोतर मास्तरांनी फेकलं नाही. दोन दिवस ते मशीनवर पसरून ताणून पाहत बसले. मी पत्रकासाठी माहिती विचारायला गेलो होतो. मला म्हणाले, ‘पाह्य. कोठीच फाटलं नाही. कसं मजबूत कापड आहे! मीच घ्यायले लावलं होतं त्याले. जिंदगीभर लोकाईले सांगत आलो, बावा, मजबूत कापड घे. कच्चं घेतलं असतं त जिता राह्यला असता पोट्टा.’

मी म्हटलं, ‘मास्तर, चूक कापडाची नाही, मालकाची आहे. जाळी नाही.’

‘जाळी येईन तवा येईन. तेल त उद्याच घालाव लागते ना?’

आणि दुसऱ्या दिवशी श्रावणाच्या जागी तेल घालायला लागला तो नामदेव. कौसाचा नवरा. मास्तरांचा एकुलता एक जावई.

तिथून मास्तरांनी किलटाचा ध्यास घेतला. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. नामदेवानं धोतर सोडून किलट नेसून शिडी चढावं. पण एकट्या नामदेवाला तो नेसवला तर लोक त्याला जगू देणार नाहीत, हेही त्यांना कळत होतं. म्हणून सगळ्यांनाच नेसवायला निघाले.

लोक विचारत, ‘मास्तर, हाफपँट काहून नाही शिवत?’

त्यांचं उत्तर तयार असे. ‘हाफपँट घालून उकिडवा बस बरं. टर्रकन फाटन, कोठी फाटन ते सांगत नाही. अन पट्ट्यानं हाफपँट धरली त थे पायातून निघते का? पायासगट घेऊन जाते. किलट कसा, धरला का सुटला. नागडा होशीन, पण जिता राहाशीन. लाज जाईन, पाय राहीन!’

हे शेवटचं वाक्य ते बाजारात ओरडून म्हणत. कळंबच्या जत्रेत गणपतीच्या देवळाबाहेर प्रसादाच्या दुकानांच्या रांगेत उभे राहून म्हणत. राजूरला कोळशाच्या खाणीच्या फाटकावर म्हणत. खाणकामगार काळ्या तोंडांनी पांढरे दात काढून हसले, आणि जो तो एकच विचारी: ‘मास्तर, आतून काय?’ मास्तर म्हणत, ‘तुह्या धोतराच्या आत जे आहे थेच.’

पण पहिल्या किलटाला बक्कल होतं आणि बक्कल पट्ट्यापुढं सुटणार नव्हतं. ही अडचण सोडवली ती एका बंजारा बाईनं. राजूरच्या बाजारात ती घोळक्यातून पुढं आली, मास्तरांच्या कमरेला सरळ हात घातला, चुण्या मोजल्या आणि म्हणाली, ‘आमचा फेटिया चोरला काय रे म्हाताऱ्या? चोरला त चोरला, नाडा त नीट बांध.’ फेटिया म्हणजे बंजारा बायकांचा घागरा. लोक पोट धरून हसत होते. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, ‘बाई, नीट म्हंजे कसा?’ तिनं तिथंच आपल्या ओढणीच्या टोकावर दाखवला. रानात काट्यात फेटिया अडकला तर एका बाजूनं हिसका बसला की गाठ आपोआप सरकते, दुसऱ्या बाजूनं कितीही ओढा, सुटत नाही. मास्तर भर बाजारात जमिनीवर मांडी घालून बसले आणि ती गाठ शिकले. उठून त्यांनी त्या बाईला पलटणीतला सलाम ठोकला. ती म्हणाली, ‘मरो, येडा आहे हा.’

आता इथपर्यंत मलाही मास्तर मान्य होते. भांडण पुढं आहे.

किलटाचं माप उभ्यानं घेत नाहीत. माणसाला गुडघ्यावर बसवतात. घेर जमिनीपासून बोटभर वर राहिला पाहिजे, म्हणजे उभं राहिल्यावर गुडघ्याची वाटी उघडी राहते आणि पाय मोकळा चालतो. पलटणीत असंच घेत. मोठमोठे गोरे अंमलदार मास्तरांपुढं गुडघे टेकून बसले होते आणि मास्तरांना त्यात फक्त माप दिसत होतं. मापाच्या बाबतीत हा माणूस दगड होता. म्हणून त्यांनी पुऱ्याच्या मध्यभागी, पंचशीलाच्या झेंड्याच्या ओट्याजवळ, सतरंजी अंथरली आणि पुऱ्यातल्या बाप्यांना सांगितलं, ‘या. एकेकानं गुडघ्यावर बसा.’

कुठं सांगितलं? आमच्या पुऱ्यात. कधी? दीक्षेला पुरती तीन वर्षं झाली नव्हती तेव्हा.

माझ्या आज्याच्या लग्नातली गोष्ट पुऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. नवरदेव म्हणून त्यानं धोतर पोटरीपर्यंत सोडलं होतं. वरात गावातून गेली आणि पाटलाच्या माणसांनी त्याला चावडीपुढं थांबवून, गुडघ्यावर बसवून, त्याच्याच हातानं धोतर वर खोवायला लावलं. धोतर गुडघ्याच्या वर, हा आमच्यासाठी कायदा होता. तो मोडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. पोरं आता पायघोळ पँट घालून शाळेत जात होती. आणि हा माणूस म्हणतो, गुडघ्यावर बसा, मी तुमचा गुडघा उघडा करतो!

मी पत्रक काढलं. त्याचं नाव होतं ‘पुन्हा गुडघ्यावर?’ त्यात मी लिहिलं की आपल्या आज्यांच्या अंगावरून जे जबरीनं उतरवलं ते आपण आता हौसेनं उतरवायचं का? जाळीची मागणी सोडून घागऱ्याची मागणी करणारा कोणाची चाकरी करतो? दोनशे प्रती. एका सकाळी सगळ्या संपल्या. पुऱ्यात सभा झाली, तिथंच मी ते ‘मालकाचा माणूस’ म्हटलं.

मास्तर उठले. किलटातच आले होते. मला खालीवर पाहून म्हणाले, ‘छाती बत्तीस, जबान बहात्तर.’ लोक हसले. मग मास्तर पुढं बोलले. ‘तुह्या आज्याचं धोतर कोणी वर खोवलं थे मले माहीत आहे. माह्या बापानं बी वरच खोवलं. पण श्रावणाचं धोतर पायाच्या नखालोक होतं, बावा. पांढरं शुभ्र. मी कापलं थे. तू नाही कापलं.’

मी म्हटलं, ‘म्हणून सगळ्यांनी बायकांचा घागरा नेसायचा?’

‘नेसू नको तू. तू कायले नेसशीन? तुले कोठी शिडी चढाची आहे!’

हे मला लागलं. आजही लागतं. पण सभा माझ्या बाजूनं गेली. किलट नेसायचा नाही, असं पुऱ्यानं ठरवलं. सभा उठल्यावर नामदेव मास्तरांजवळ आला. तो मुळात अबोल माणूस. म्हणाला, ‘मामाजी, तुम्ही बापाच्या ठिकाणी आहा. घरात म्हणसान तवा तुमच्यापुढं गुडघे टेकतो. पण हे नेसून मी भायेर नाही जाणार. पोट्टे हसतात. कौसीले बोलतात.’

मास्तर म्हणाले, ‘हसू दे ना बे.’

‘तुमाले हसले त तुम्ही पलटणीतले. आमाले हसले त आमी थेच, पह्यले होतो थे.’

मास्तर किलटाच्या चुण्या सारख्या करून घरी निघून गेले. मला बरं वाटलं होतं. ते खोटं कशाला लिहू?

त्यानंतर रोज पाळीच्या वेळी मास्तर मशीन थांबवत. नामदेव शेडमध्ये गेला की त्यांचा हात चाकावर राहायचा पण चाक फिरायचं नाही. शेडचा आवाज ऐकत बसत. आवाज जरा बदलला की उठून फाटकापर्यंत जात. गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर मिळेनासे झाले. एकदा माझ्या शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. मी तो शर्ट घेऊन भांडायला गेलो, तर ते म्हणाले, ‘थांब. वर चढला आहे तो,’ आणि मीही शेडकडं कान लावला.

मग त्यांनी तो वेडेपणा केला. दोन पाळ्यांच्या बदलीची वेळ होती. आत-बाहेर जाणारी दोन्हीकडची माणसं शेडमध्ये, कापूस निवडणाऱ्या बायाही तिथंच, त्यांच्यात कौसा. मास्तर फाटकावरच्या माणसाला काय थाप मारून आत गेले कोणास ठाऊक. सरळ पट्ट्याजवळ जाऊन उभे राहिले आणि ओरडले, ‘सगळे इकडं पाहा!’

मिस्त्री ओरडला, ‘अहो मास्तर, मागं व्हा!’

मास्तरांनी एका काठीनं आपल्या किलटाचा घेर उचलला आणि पट्ट्याच्या तोंडात दिला.

डोळ्याचं पातं लवायच्या आत किलट गेला. फट्‌ असा आवाज झाला, खाकी कापडाची एक वावटळ वर शाफ्टापर्यंत गेली आणि तिथं गरगरायला लागली. खाली मास्तर. शर्ट, मोजे, लंगोट. दोन्ही पाय जागेवर. हात कपाळाला, पलटणीतला सलाम. बाया पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळल्या. पुरुष हसत होते, पण पहिल्या क्षणी कोणीच हसलं नव्हतं, हे मी शेडच्या पुऱ्याकडच्या खिडकीतून पाहिलं आहे. कौसा किंचाळत आली. ‘बाबा! लाज नाही वाटत काय जी तुमाले!’ आणि हाताला लागलेलं बारदान तिनं त्यांच्याभोवती गुंडाळलं.

‘पाय मोज, पोरी,’ मास्तर म्हणाले. ‘दोन आहेत ना?’

नामदेव कोपऱ्यात तेलाची बुधली घेऊन उभा होता. तो वर फिरणाऱ्या कापडाकडं पाहत होता.

आणखी एक माणूस पाहत होता. मॅनेजर. तो ऑफिसच्या जिन्यावर उभा होता आणि त्याला पटलं. पटलं म्हणजे काय? चार दिवसांनी फाटकावर कागद लागला. तेल घालणारे, पट्टे चढवणारे आणि रेच्यावर काम करणारे खालच्या वस्तीतले मजूर यांनी किलट नेसल्याशिवाय कामावर येऊ नये. कापड जिनातून मिळेल, शिलाई दौलत टेलर करील. जाळीबद्दल आम्ही अर्ज दिला होता, त्यावर तोंडी उत्तर मिळालं: ‘आता जाळीची गरज काय?’

खालच्या वस्तीतले! त्याच पट्ट्याखालून मिस्त्री जातो, मुकादम जातो, कारकून जातो, मॅनेजर स्वतः जातो. त्यांना किलट नको. त्यांचे सोगे पट्टा ओळखतो बहुतेक. माझ्या पत्रकातला शब्द न्‌ शब्द खरा ठरला होता. मी मास्तरांच्या खोलीवर गेलो आणि सांगितलं, ‘पाहिलं? झालं तुमच्या मनासारखं?’

ते कागद वाचून आले होते. मशीनवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, ‘नामदेव नेसन आता.’

‘हुकमानं नेसेल. आज्यासारखा.’

‘पण नेसन ना.’ मग मशीनवर वाकून: ‘तू जा बे बत्तीस. मले काम करू दे.’

काम काहीच चाललं नव्हतं.

मापाचा दिवस आला. जिनाच्या अंगणात आमच्या पुऱ्यातले चाळीसेक बापे ओळीत उभे केले. मॅनेजरची खुर्ची ओसरीवर मांडली. कारकून वही घेऊन तयार. फाटक उघडं होतं, मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं उभा. बाया भिंतीशी. मास्तर नवा किलट नेसून, गळ्यात टेप टाकून आले. माप कसं घेतात ते त्यांनीच ऑफिसात सांगितलं असणार, कारण कारकून ओळीकडं पाहून म्हणाला, ‘चला, सगळे गुडघ्यावर बसा. मास्तर माप घेतील.’

कोणी हललं नाही.

‘ऐकू आलं नाही का?’ मॅनेजर खुर्चीतून म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. ‘ज्याला बसायचं नसेल त्यानं फाटकाबाहेर जावं. उद्यापासून यायचं कारण नाही.’

शेडमध्ये शाफ्ट फिरतच होता. ओळीच्या टोकाला म्हातारा तुकाराम होता. त्याच्या घरात सात तोंडं. त्यानं एक हात जमिनीकडं नेला. गुडघा वाकला. मी गठ्ठा खाली टाकला आणि आत शिरणार, एवढ्यात मास्तर ओरडले.

‘उभा राय!’

परेडवरचा आवाज होता तो. मी सोडा, मॅनेजरसुद्धा खुर्चीत दचकला. तुकाराम अर्धा वाकलेला तसाच थांबला. मास्तर त्याच्याकडं गेले, काखेत हात घालून त्याला सरळ केलं. मग ओळीकडं पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी त्यांना पहिल्यांदाच माणसांच्या खांद्याकडं न पाहता तोंडाकडं पाहताना पाहिलं.

‘मास्तर, काय झालं?’ मॅनेजर म्हणाला. ‘उभ्यानं माप चुकेल असं तुम्हीच म्हणाला होतात.’

‘चुकू द्या, साहेब.’

आणि त्यांनी गुडघे टेकले. स्वतः. उघडे गुडघे, खाली सरकीची टरफलं आणि खडी. नामदेव ओळीत तिसरा होता, पण ते आधी त्याच्याकडंच सरकले. त्याच्या कमरेला टेपचं टोक लावलं आणि टेप खाली सोडला.

‘कोठलोक पायजे?’

नामदेवाला कळलं नाही. ‘काय, मामाजी?’

‘लांबी कोठलोक पायजे? तुह्या मनानं सांग. आवाजानं सांग, तो बाबू लिहून राह्यला.’

मान वळवून नामदेवानं कौसाकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं, मॅनेजरकडं पाहिलं. मला वाटलं, हा आता ओळ सोडून निघून जाणार, आणि खरं सांगतो, जावं असं मला वाटत होतं. मग तो म्हणाला, ‘दोन बोटं खाली.’

‘कशाच्या?’

‘गुडघ्याच्या. खाली.’

‘लिहा बाबू,’ मास्तर म्हणाले. ‘गुडघ्याखाली दोन बोटं.’

मॅनेजर उठला. ‘हे असं ठरलं नव्हतं. गुडघ्याच्या वर म्हटलं होतं.’

‘माप गिऱ्हाइकाचं असते, साहेब. दर्जीचं नसते, कापडवाल्याचं बी नसते.’ ते गुडघ्यांवरच पुढं सरकले. ‘हाव, तुमचं बोला.’

एकानं चार बोटं सांगितली. एकानं वीतभर. तुकाराम म्हणाला, ‘पोटरीलोक सोड बाप्पा,’ आणि मास्तर म्हणाले, ‘तितला सोडला त पट्टा धरन रे,’ तर तो म्हणाला, ‘मी पट्ट्याजवळ कुठी जातो, मी त सरकी झाडतो.’ भिंतीशी कोणीतरी हसलं. मास्तरांनी पोटरीपर्यंत लिहून घेतलं. चाळीस माणसं. मास्तर एकदाही उठले नाहीत. एकापुढून दुसऱ्यापुढं तसेच सरकत गेले. शेवटच्या माणसापाशी पोचले तेव्हा दोन्ही गुडघ्यांतून रक्त आलं होतं आणि त्याला सरकीचं टरफल चिकटलं होतं. तिथून ते ओसरीकडं वळले, टेप तसाच हातात धरून.

‘आता तुमचं, साहेब. तुम्ही बी जाता पट्ट्याखालून. मिस्त्री, तू बी ये.’

मॅनेजर आत निघून गेला. मिस्त्री आला नाही. आजपर्यंत आलेला नाही.

त्या रात्री मी नवं पत्रक लिहायला बसलो आणि मला जमलं नाही. हुकूम चुकीचा होता, आजही आहे. तो आमच्याच पुऱ्यासाठी होता, आजही आहे. जाळी त्या दिवशी नव्हती, आजही नाही. हे सगळं लिहिता आलं असतं. पण मास्तरांना त्यात कुठं बसवायचं ते कळेना. पुढं मी नागपूरला कॉलेजात गेलो.

मग एका हंगामात जाळीच्या अर्जावर सह्या घ्यायला गावी आलो, तेव्हाची शेवटची आठवण आहे. मास्तरांची खोली उघडी होती, मशीन रिकामी. कोणी म्हणालं, शेडमध्ये आहेत. पाळीच्या वेळी रोज आतच असतात, आता कोणी अडवत नाही.

मी दारापर्यंत गेलो. शाफ्टाला शिडी लावलेली, वर नामदेव किलट नेसून, एका हातानं शिडी धरून बुधली वाकडी करत होता. खाली शिडीच्या बुडाशी मास्तर. दोन्ही हातांनी शिडी अशी धरलेली की बोटं पांढरी पडली होती. पण ते वर पाहत नव्हते. मान खाली घालून स्वतःच्या पायांकडं पाहत होते. एवढा जीव टांगणीला लागलेला माणूस आणि वर एकदाही नजर नाही! मला उमगायला वेळ लागला. जावई किलट नेसून डोक्यावर उभा. सासऱ्यानं वर पाहायचं कसं?

‘झालं का?’ ते जमिनीला विचारत होते.

‘नाही, मामाजी.’

‘झालं का?’

‘थांबा जी. एक राह्यलं.’

मी हाक मारली. ‘मास्तर!’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ‘बोलू नको,’ म्हणाले. पट्टा त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर सपासप फिरत होता. वरून तेलाचा एक थेंब त्यांच्या मानेवर पडला आणि कॉलरीत उतरला. त्यांनी तो पुसला नाही. दोन्ही हात शिडीवर होते.